मळ कशानं सुटतो

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं, उद्यमबागेकडं वळताना,
पत्र्याच्या शेडवर अजून आप्पांचीच पाटी आहे.
वर कानडी, खाली मराठी.
मराठीतला पहिला 'भ' गंजून गेलाय,
त्यामुळं 'रमा मेस्त्री' वाचून
गिऱ्हाइकं मलाच रमा समजतात.
समजू देत.
खरं नाव सुगंधा. रॉकेलच्या वासात वाढलेल्या पोरीला
ते तरी कुठं शोभतंय.

आप्पा सगळं पेट्रोलनं धुवायचे.
ताटली, ब्रश, एक फुंकर, झालं.
"पेट्रोलसारखं दुसरं काय न्हाई गं,
धुतंय आणि उडून जातंय, मागं काय ठेवत न्हाई."
चहाचा स्टोव्ह सात-आठ फुटांवर होता.
वाफ जमिनीलगत गेली, मांजराच्या पावलांनी,
आणि परत आली ती पेटूनच.
डावी भुवई पुन्हा उगवली नाही.
तरी म्हणायचे, मागं काय ठेवत न्हाई.

मग रॉकेल, रेशनचं निळं.
ते सावकाश काम करतं, ग्रीस सोडवतं,
जाताना तेलाचा हात फिरवून जातं,
लोखंड गंजत नाही.
हात मात्र भेगाळतात.
आप्पांचा अंगठा इतका गुळगुळीत झाला
की रेशनच्या मशीनला ते कोण हेच कळेना.
तीन वेळा दाबला, पुसून दाबला.
मशीन म्हणालं, नाही.

कॉस्टिकची गोष्ट मी त्यांच्यासमोर काढत नाही.
काकतीच्या पाटणेकर मास्तरांच्या येझदीचा पिस्टन
सोड्याच्या डब्यात टाकून ते जेवायला गेले.
आले तेव्हा डबा फसफसत होता.
लोखंडाला जे औषध, ते ॲल्युमिनियमला चावतं.
काळा पडलेला, देवी आल्यासारखा तो तुकडा
मास्तरांनी पेपरात गुंडाळला,
एक शब्द बोलले नाहीत.
त्याचंच आप्पांना जास्त लागलं.

थिनर? थिनर रबराला फुगवतो,
मानपानाला आलेल्या जावयासारखा.
मग सील बसत नाही, तेल गळतं,
आणि गिऱ्हाईक म्हणतं, बाईमाणसाचं काम.

एकदा हुबळीहून पांढरा कॅन आला.
त्याच्यावर मराठी एक अक्षर नाही.
आप्पा झाकण उघडून हुंगायलाच निघाले होते.
यमकनमर्डीचा सिद्राय, तेव्हा नुकता लागलेला,
पाना खाली ठेवून बोटानं वाचायला लागला:
एच्चरिके.
बेंकियिंद दूर इडि.
आप्पा म्हणाले, "काय म्हणूलंय ते?"
सिद्राय मराठी शोधत राहिला, सापडेना.
"दूर", तो म्हणाला. "दूर, मेस्त्री."
"बरं, दूर. पुढं?"
"विष."
ह्या दोन शब्दांना भाषांतर लागलं नाही.
झाकण बसलं.

आता मी पाण्यातलं डिग्रीजर वापरते.
कोमट पाणी, रात्रभर भिजत, नायलॉनचा ब्रश,
मग हवा मारायची, कोपऱ्याकोपऱ्यात,
आणि लगेच तेलाचं बोट, नाहीतर सकाळी तांबूस.
शेडचं दार उघडं, हातमोजे निळे.
काळं पाणी गटारात नाही, ड्रममध्ये,
ड्रम न्यायला महिन्यानं माणूस येतो, कधी येत नाही.
घाई असलेल्याला मी सरळ सांगते,
पलीकडच्या गॅरेजात जा, तिथं पेट्रोलनं अर्ध्या तासात करून देतात.
जातात काही. परत येतात काही.

आप्पा दाराशी खुर्चीत.
धुतलेला कार्बोरेटर मी त्यांच्या हातात देते,
ते सवयीनं नाकाशी नेतात.
चाळीस वर्षं हुंगून नाकाला आता
काहीच कळत नाही, अबोलीही नाही, जळलेलं दूधही नाही.
"कशानं धुतलंस?"
सिद्राय माझ्याकडं बघतो.
"पेट्रोलनं," मी म्हणते.
"बघ," म्हणतात, आणि जेटच्या भोकातून
गेटापलीकडचा उजेड बघत बसतात.